चांदणीचं पाण्यातलं टोक

जयगडच्या जेटीवर तवसाळची फेरीबोट येईपर्यंत करण्यासारखं फारसं काही नसतं. शास्त्री नदीचं पाणी समोरून समुद्राकडे निघालेलं असतं, वर टेकडीवर किल्ल्याची तटबंदी, पलीकडच्या काठावर गुहागर तालुका. माणूस अशा वेळी रांगेतल्या गाड्या बघतो. मीही तेच करत होतो. सर्वांत पुढे मासळीचा टेम्पो, मागच्या फळीतून बर्फाचं पाणी ठिबकतंय. त्याच्या मागे गणपतीपुळ्याहून हेदवी-वेळणेश्वरकडे निघालेल्या पर्यटकांची पांढरी ट्रॅव्हलर. तिच्या मागे, काचा बंद करून आणि एसी चालू ठेवून, एक काळी मर्सिडीज. तिच्या जाळीवरच्या चांदणीवर खाऱ्या वाऱ्याची धूसर पुटं चढली होती.

या तीन गाड्यांत नातं आहे. टेम्पोला ते नावातून मिळालं, ट्रॅव्हलरला इंजिनातून, आणि काळ्या गाडीला तर ते सांगायचीही गरज नाही. चौथं नातं त्या फेरीबोटीचं. ते सर्वांत जुनं, आणि चांदणीच्याच एका टोकात दडलेलं.

मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी १९०९ साली व्यापारचिन्ह म्हणून नोंदवली गेली. जमीन, पाणी आणि हवा, तिन्हीकडे आपली इंजिनं चालावीत, असा तिचा अर्थ. चांदणीमागची गोष्ट घरगुती आहे. गॉटलीब डायम्लर एका कंपनीत नोकरीला असताना त्यांनी बायकोला पाठवलेल्या पत्रावर आपल्या घराच्या जागी चांदणी काढली होती. वडिलांच्या पश्चात मुलांना ती आठवली आणि तिचं चिन्ह झालं. आज या चांदणीचं जमिनीवरचं टोकच लोकांच्या डोळ्यांत भरतं. पण डायम्लरनी पाण्याकडे फार लवकर मोर्चा वळवला होता. १८८६ साली, म्हणजे कार्ल बेंझ यांच्या तीनचाकी मोटारगाडीला पेटंट मिळालं त्याच वर्षी, डायम्लर आणि त्यांचे सहकारी विल्हेल्म मायबाख यांनी आपलं छोटं पेट्रोल इंजिन एका होडीत बसवून नेकार नदीत फिरवलं. भर नदीत पेट्रोलचा भडका उडेल, अशी लोकांना धास्ती. तेव्हा डायम्लरनी म्हणे होडीच्या कडेने तारा आणि चिनी मातीच्या चिमण्या लावून दिल्या. बघणाऱ्याला वाटावं, होडी विजेवर चालते. तंत्रज्ञानाच्या इतिहासातल्या निरुपद्रवी थापांत ही थाप मला वरच्या नंबरावर ठेवावीशी वाटते.

आता त्या काळ्या गाडीच्या बॉनेटखाली डोकावू. जेटीवरच्या गाडीत नेमकं कोणतं इंजिन होतं, मला माहीत नाही. मालकाची झोप मोडून विचारायचा धीर झाला नाही. पण त्या घराण्यातलं जे इंजिन अलीकडच्या काळात सर्वाधिक गाजलं, ते एएमजीचं एम १३९. चार सिलिंडर, १९९१ घन सेंटीमीटर, म्हणजे दोन लिटरलाही किंचित कमी. जून २०१९मध्ये कंपनीने ते जगासमोर आणलं तेव्हा त्याची सर्वाधिक ताकद होती ४२१ अश्वशक्ती. ते घेऊन आलेली ए ४५ एस ही गाडी भारतात नोव्हेंबर २०२१मध्ये आली, जवळपास ऐंशी लाखांना.

४२१ हा आकडा एकट्याने काही सांगत नाही, त्याला लिटरने भागावं लागतं. बेंझ यांच्या १८८६च्या गाडीचं एका सिलिंडरचं इंजिन होतं ९५४ घन सेंटीमीटरचं आणि ताकद पाऊण अश्वशक्ती. लिटरमागे एकही घोडा नाही. एम १३९मध्ये लिटरमागे २११. सुमारे २७० पट. दोन्हींत तत्त्व मात्र एकच: हवा-इंधन आत घ्या, दाबा, पेटवा, बाहेर फेका. मग एवढा फरक आला कुठून?

याचं उत्तर इंधनात शोधायला जाऊ नये, ते हवेत आहे. इंधन हवं तेवढं ओतता येतं. पण ते जळायला लागणारा प्राणवायू आत कोंबणं अवघड असतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण चौदा-पंधरा किलो हवा लागते. तेव्हा इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे त्याला जास्त श्वास घ्यायला लावायचा. त्याचे मार्ग दोनच. एक, मिनिटाला जास्त वेळा श्वास, म्हणजे फेरे वाढवायचे. बेंझ यांचं इंजिन मिनिटाला चारशे फेरे घेई. हे ७,२००पर्यंत जातं. दोन, प्रत्येक श्वासात जास्त हवा. त्यासाठी टर्बोचार्जर. एम १३९चा टर्बो बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी २.१ बार दाब चढवतो, म्हणजे सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचा एकूण दाब बाहेरच्याच्या तिप्पट होतो. ढोबळ हिशेब केला तर पूर्ण जोरात असताना हे इंजिन मिनिटाला वीसेक हजार लिटर हवा ओढतं. एका लहान खोलीत मावेल एवढी हवा, दर मिनिटाला, दोन दुधाच्या पिशव्यांएवढ्या आकारमानातून.

एवढी हवा कोंबली की आतले स्फोटही तसेच. सिलिंडरमधला दाब १६० बारपर्यंत चढतो. म्हणून सिलिंडरभोवतीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा वरून बंदिस्त ठेवलेला. पाणी फिरायला फक्त लहान वाटा. सिलिंडरमध्ये लोखंडी बाही नाही. तिच्याऐवजी विजेच्या ठिणगीने वितळवलेल्या लोखंडाचा अतिपातळ थर आतून फवारतात आणि आरशासारखा घासतात. त्या थरातल्या सूक्ष्म छिद्रांत तेल धरून राहतं, त्यामुळे पिस्टन कमी घर्षणाने सरकतो. इंधन दोन ठिकाणांहून येतं: काही थेट सिलिंडरमध्ये, काही हवेच्या वाटेवर. आणि टर्बो जिथे बसतो ती गरम बाजू पुढे ठेवण्याऐवजी इंजिन अख्खं फिरवून मागे, ड्रायव्हरच्या बाजूला नेलेली आहे. एवढं सगळं करून वजन १६० किलोंच्या आसपास.

टर्बोचा शोध मात्र गाड्यांसाठी लागलेला नाही. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं आणि पुढची वीस वर्षं तो त्यामागे लागून राहिला. कल्पना सोपी: इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर फुकट जातो, त्याने एक चक्र फिरवावं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवावं आणि त्याने ताजी हवा दाबून आत घालावी. १९२०च्या दशकात ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती प्रॉयसेन आणि हान्सेस्टाट डान्झिग या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर. १,७५० अश्वशक्तीची इंजिनं २,५००वर गेली. म्हणजे टर्बो हा जन्माने दर्यावर्दी. पाण्यावर तो चाळीस-पन्नास वर्षं चांगला रुळला, आणि मग शहरातल्या गाड्यांत आला. मर्सिडीजने डिझेल मोटारगाडीला टर्बो लावला तो १९७८मध्ये, ३०० एसडी या मॉडेलवर.

टर्बोची एक जुनी खोड आहे. पाय दाबला की ताकद लगेच येत नाही. आधी धूर वाढायला हवा, मग चक्राला वेग येणार, मग हवा दाबली जाणार. किनाऱ्यावर होडी ओढताना पाहिलं असेल तर हे लगेच समजतं: आरोळी होते, दोर ताणला जातो, सगळ्यांचे पाय वाळूत रुततात, आणि तरीही पहिला क्षणभर होडी हलत नाही. एम १३९च्या टर्बोत ही ढिलाई कमी करायला दांडा तेलावर तरंगता न ठेवता रोलर बेअरिंगवर ठेवला, कारण त्याला मिनिटाला १ लाख ६९ हजार फेऱ्यांपर्यंत जायचं असतं. २०२२मध्ये त्याच इंजिनाच्या पुढच्या अवतारात आणखी एक पाऊल टाकलं गेलं. दोन्ही चक्रांच्या मध्ये, त्याच दांड्यावर, जेमतेम चार सेंटीमीटर रुंदीची विजेची मोटर बसवली. धूर येण्याची वाट न बघता ही मोटरच चक्राला गती देते. ही युक्ती फॉर्म्युला वनच्या शर्यतीतून आली. मजा अशी की २०२६च्या नियमांत शर्यतीच्या गाड्यांतून ती काढूनच टाकली; खर्चिक आणि गुंतागुंतीची म्हणून. रस्त्यावरच्या गाडीत मात्र ती राहिली आहे.

या विजेच्या टर्बोला मागच्या चाकांची वेगळी विद्युत मोटर जोडून सी ६३ ही गाडी ६८० अश्वशक्तीची झाली. चाहते खूश झाले असते, पण आधीच्या सी ६३मध्ये आठ सिलिंडरचं गडगडणारं इंजिन होतं. चार सिलिंडरचं इंजिन कितीही जोरदार असलं तरी त्याचा आवाज चार सिलिंडरचाच. जगभरच्या चाहत्यांनी नाकं मुरडली. माझं मत विचाराल तर ही तक्रार मला हास्यास्पद वाटत नाही. आपल्याकडेही बुलेटचा आवाज बदलला तेव्हा जुन्या मालकांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं होतं.

एएमजी या नावाची गंमत सांगायची राहिली. १९६७ साली हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एर्हार्ड मेल्खर या दोन इंजिनिअरांनी एका जुन्या गिरणीत शर्यतीच्या इंजिनांचं वर्कशॉप काढलं. ए म्हणजे आउफ्रेख्ट, एम म्हणजे मेल्खर, आणि जी म्हणजे ग्रोसआस्पाख, आउफ्रेख्ट यांचं जन्मगाव. आपल्याकडे गाव आडनावातच असतं, तसंच काहीसं. १९७१मध्ये बेल्जियममधल्या स्पा इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांची अगडबंब लाल मर्सिडीज दुसरी आली आणि नाव झालं. १९७६पासून त्यांचा मुक्काम आफाल्टरबाखला. या गावाच्या नावात सफरचंदाचं झाड आहे, म्हणून एएमजीच्या मुद्रेवर एका बाजूला ते झाड आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाची झडप. पुढे डायम्लरने कंपनी विकत घेतली, पण एक रीत टिकून राहिली: एका माणसाने एक इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडायचं आणि वर आपल्या सहीची पट्टी लावायची.

पावसाळ्याच्या तोंडावर जयगडच्या खाडीत बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. झावळ्यांनी किंवा प्लॅस्टिकने बोटी शाकारल्या की इंजिनांची पाळी येते. बोटीवरचा मेस्त्री ते खोलतो, पिस्टन बाहेर काढतो, रिंगा तपासतो, इंजेक्टर तालुक्याच्या गावी पंप दुरुस्तीला पाठवतो, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी पुन्हा बसवतो. सहीची पट्टी लावत नाही. पण कोणत्या बोटीचं इंजिन कोणी बांधलं, हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक असतं, विशेषतः ते मध्येच बंद पडलं तर.

अशाच एका बोटीच्या तांडेलांना मी इंजिनाची अश्वशक्ती विचारली. त्यांनी उत्तर दिलं ते तासाला किती लिटर डिझेल पितं त्याचं, आणि बोअर शेवटची कधी केली त्याचं. आधी वाटलं, प्रश्न कळला नसावा. नंतर लक्षात आलं की प्रश्न माझाच चुकला होता.

कारण ४२१ अश्वशक्ती हा आकडा काही सेकंदांचा आहे. पुढची गाडी ओलांडताना, रिकाम्या रस्त्यावर वेग घेताना. उरलेला वेळ ते इंजिन आपल्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्यावर आरामात फिरत असतं. समजा ते सतत पूर्ण जोरात चालवलं. अंदाजे हिशेब असा येतो: मिनिटाला दोनेक लिटर पेट्रोल. गाडीची पन्नासेक लिटरची टाकी अर्ध्या तासाच्या आत रिकामी. आणि जळलेल्या पेट्रोलमधली दोन-तृतीयांशाहून अधिक ऊर्जा चाकांपर्यंत जातच नाही. ती उष्णता बनून रेडिएटरमधून आणि धुराड्यातून बाहेर फेकायला लागते. ट्रॉलरचं इंजिन जाळं ओढताना तासन् तास जोर लावून चालतं. समुद्रात चढ-उतार नाहीत, सिग्नल नाही, उतारावर पाय सोडायची सोय नाही. जाळं ओढणं म्हणजे कुंभार्ली घाट सकाळपासून संध्याकाळपर्यंत चढत राहणं.

म्हणूनच समुद्री इंजिनं बनवणारे एकच इंजिन वेगवेगळ्या अश्वशक्तीला विकतात. श्रीमंताच्या सहलीच्या नौकेसाठी, जी वर्षातून थोडेच तास चालणार, त्याला जास्त घोड्यांची परवानगी. टगसाठी, जी रात्रंदिवस राबणार, त्याच इंजिनाला कमी घोडे. लोखंड तेच, अपेक्षित आयुष्य वेगळं. मासेमारी बोटींवर वर्षानुवर्षं ट्रकसाठी बनलेलं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, अशोक लेलँडचं वगैरे, समुद्रासाठी बदलून बसवायची पद्धत पडली तीही यामुळेच. ट्रकचं इंजिन मुळात ओझं ओढायला घडलेलं असतं. त्याला रेडिएटरच्या जागी उष्णता-बदलक लावतात: इंजिनातलं गोडं पाणी बंद नळ्यांत फिरतं आणि बाहेरून खारं पाणी त्याला थंड करतं. खारं पाणी थेट इंजिनात फिरवलं तर काही हंगामांत ते आतून खाऊन टाकतं.

एम १३९ होडीत का बसवत नाहीत, असं मला फेरीबोटीवर एका मुलाने विचारलं होतं. तो ट्रॅव्हलरमधला. प्रश्न बरोबर आहे. पहिली अडचण पेट्रोलची: त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी साचते, आणि एका ठिणगीने नेकार नदीवरच्या लोकांची भीती खरी ठरू शकते. दुसरी अडचण पंख्याची. पाण्यात मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा चांगला रेटा देतो. फार जोरात फिरवला तर पात्यांच्या मागे दाब इतका कमी होतो की पाणी तिथल्या तिथे उकळून बुडबुडे होतात, ते फुटताना पातं खरवडून टाकतात, आणि ताकद फेसात जाते. म्हणून बोटीत इंजिनाचे फेरे गिअरबॉक्सने कमी करून पंख्याला देतात. ज्या इंजिनाचा सगळा दम सात हजार फेऱ्यांच्या जवळपास आहे, त्याला इतकं खाली आणणं म्हणजे शर्यतीच्या घोड्याला रहाटाला जुंपणं. तिसरी अडचण तांडेलांनी आधीच सांगितली होती: मध्यसमुद्रात सेन्सर रुसला तर लॅपटॉप घेऊन कोण येणार?

तरीही जर्मन इंजिन जयगडला पोहोचलंच. फक्त ते आफाल्टरबाखहून आलं नाही, आकुर्डीवरून आलं.

हॅम्बुर्गमध्ये विडाल आणि सोन नावाची कंपनी टेम्पो नावाच्या छोट्या मालवाहू गाड्या बनवायची. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली तिच्या सहकार्याने बजाज टेम्पो उभी केली. नगरचे, स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले, वकील. ऑटोरिक्षा हे नाव रूढ केलं तेही त्यांनीच. बजाज टेम्पोच्या तीनचाकी गाड्या महाराष्ट्रभर इतक्या पसरल्या की टेम्पो हा ब्रँड राहिला नाही, मराठी शब्द झाला. आज कोणत्याही कंपनीची मालवाहू छोटी गाडी टेम्पोच असते. रांगेतला मासळीचा टेम्पो कोणत्या कंपनीचा होता ते मी बघितलंच नाही. बघायची गरजही पडली नाही.

तिकडे जर्मनीत मूळ टेम्पो कंपनी हानोमागकडे गेली, हानोमाग डायम्लर-बेंझकडे. अशा रीतीने डायम्लरचा पाय बजाज टेम्पोच्या आकुर्डीतल्या कारखान्यात आला. आणि १९८०च्या दशकात बजाज टेम्पोने परवाना घेऊन मर्सिडीजचं एक डिझेल इंजिन इथे बनवायला सुरुवात केली: ओएम ६१६. मर्सिडीजने ते १९७३मध्ये २४० डी या गाडीत आणलं होतं. २.४ लिटर, चार सिलिंडर, सुरुवातीला ६५ आणि पुढे ७२ अश्वशक्ती. लिटरमागे तीस. टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. थंडीत सुरू व्हायला वेळ घेई, चढावर रांगे, पण मरत नसे. ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या ग्रेगोरिओस साखिनिदिस या टॅक्सीचालकाने आपली १९७६ची २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४मध्ये मर्सिडीजच्या संग्रहालयाला दिली. इंजिनं अर्थातच आलटून-पालटून बसवली होती, पण मॉडेल तेच.

ओएम ६१६ बजाज टेम्पोच्या ट्रॅक्समध्ये आलं, ट्रॅव्हलरमध्ये आलं. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत कोकणात वडापने प्रवास केला आहे, त्यांना हे इंजिन कानाने माहीत आहे: थांबल्यावरही खडखडत राहणारं, मांडीवर टोपली आणि पायाशी कोंबडी असलेल्या पंधरा-सोळा माणसांना निवळी फाट्यापासून खंडाळ्याच्या चढाने जयगडपर्यंत आणणारं. आपण मर्सिडीजच्या इंजिनावर बसलो आहोत हे त्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तर भाडं वाढवायला ड्रायव्हरला निमित्त मिळालं असतं.

पुढची पायरीही अशीच. मर्सिडीजने १९९०च्या दशकाच्या शेवटी ओएम ६११ हे आपलं पहिलं कॉमन रेल डिझेल इंजिन आणलं. सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून प्रचंड दाबाने डिझेल, आणि ते कधी किती सोडायचं हे संगणक ठरवणार. तेव्हा ते युरोपातल्या महागड्या गाड्यांचं तंत्र होतं. बजाज टेम्पोचं नाव २००५मध्ये फोर्स मोटर्स झालं, आणि फोर्सच्या हल्लीच्या २.६ लिटर इंजिनाचं मूळही मर्सिडीजच्या डिझेल इंजिनातच आहे. जेटीवरच्या रांगेतली पांढरी ट्रॅव्हलर त्याच वंशातली. १९७३चं इंजिन इथे पोहोचायला दहा-बारा वर्षं लागली, १९९०च्या दशकातलं यायलाही तेवढाच काळ लागला. एम १३९मधलं काय येईल? माझा कौल विजेच्या टर्बोला नाही, सिलिंडरच्या फवारलेल्या लोखंडी थराला. तो स्वस्त होऊ शकतो, आणि मर्सिडीजने तो आपल्या साध्या डिझेल इंजिनांत केव्हाच उतरवलाय.

खुद्द मर्सिडीजची गाडी भारतात बनायला लागली ती १९९५ साली, पिंपरीत टेल्कोच्या आवारात. टेल्कोशी तिची ओळख त्याआधीची. १९५४ ते १९६९ टाटांच्या ट्रकांवर मर्सिडीजची चांदणी असे. २००९पासून मर्सिडीजचा स्वतःचा कारखाना चाकणला आहे. २०२०मध्ये तिथे एएमजीची पहिली गाडी, जीएलसी ४३ कूपे, जोडून बाहेर पडली. आणि चाकणच्या त्या गाड्यांना लागणारी इंजिनं जोडून द्यायला, २०१६मध्ये तिथेच कारखाना काढला तो फोर्स मोटर्सने. म्हणजे काळ्या गाडीचं इंजिन आणि पांढऱ्या गाडीचं इंजिन एकाच कंपनीच्या माणसांच्या हातांतून गेलेलं असू शकतं.

चांदणीच्या पाण्यातल्या टोकाचं काय झालं? डायम्लर-बेंझचा मोठ्या समुद्री इंजिनांचा धंदा एमटीयू या नावाने वेगळा झाला. ती कंपनी आता रोल्स-रॉइसकडे आहे; मोटारीवाल्या नव्हे, विमानाची इंजिनं बनवणाऱ्या. आपल्या तटरक्षक दलाच्या बऱ्याच वेगवान गस्ती नौका एमटीयूच्या ४००० मालिकेतल्या इंजिनांवर पळतात. कोकण किनाऱ्यावर गस्त घालणारी एखादी नौका पांढरा फेस उडवत गेली की ते नेकारवरच्या होडीचं दूरचं पतवंड असतं.

फेरीबोट खाडीच्या मध्यावर आली. किल्ल्याच्या पलीकडे, धामणखोलच्या उपसागरात, जेएसडब्ल्यूचं बंदर आहे. तिथल्या वीज केंद्रासाठी कोळसा घेऊन केपसाइज जातीची अवाढव्य जहाजं येतात. अशा जहाजांच्या पोटात जे इंजिन असतं त्याचा आराखडा बहुतेक वेळा आउग्सबुर्गच्या कंपनीकडून आलेला. त्याच आउग्सबुर्गमध्ये रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७मध्ये आपलं इंजिन तपासायला दिलं. इंधनातल्या उष्णतेचा २६.२ टक्के हिस्सा त्याने कामाला लावला. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा दुपटीहून जास्त. १९१३च्या सप्टेंबरमध्ये डिझेल इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीत नाहीसे झाले. ती बोट वाफेवर चालणारी होती.

जहाजाच्या त्या इंजिनात सिलिंडरचा व्यास सत्तर सेंटीमीटरच्या घरातला, आणि पिस्टन पावणेतीन मीटर वर-खाली होतो. एकेका सिलिंडरमध्ये हजार लिटर. फेरे मिनिटाला नव्वदच्या आसपास. माणसाच्या नाडीशी जुळावेत असे. त्याची ताकद लिटरने भागली तर उत्तर येतं लिटरमागे जेमतेम चार अश्वशक्ती. एम १३९च्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. पण इंधनातल्या ऊर्जेपैकी निम्मी ते पंख्यापर्यंत पोहोचवतं. रस्त्यावरच्या पेट्रोल इंजिनांना टक्क्यांची चाळिशी गाठतानाही धाप लागते. निम्म्याची हद्द ओलांडली ती मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन इंजिनाने, २०१७मध्ये, चाचणीच्या टेबलावर.

आणि बोटींचे घोडे? तेही वाढताहेत. परराज्यांतल्या हायस्पीड ट्रॉलर्स मोठ्या अश्वशक्तीची इंजिनं घेऊन इथल्या पाण्यात येतात, जाळं भराभर ओढून नेतात, ही कोकणच्या मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. मग इथल्या बोटमालकालाही मोठं इंजिन घ्यावंसं वाटतं, डिझेलचा खर्च वाढतो, आणि तो भरून काढायला आणखी लांब जावं लागतं. महाराष्ट्राने पर्ससीन जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने निर्बंध घातले, १९८१चा मासेमारी नियमन कायदा २०२१मध्ये कडक केला. इंजिन मात्र बाजारात मिळतं, आणि लिटरमागे किती घोडे काढायचे याला माशांच्या बाजूने कुणी मर्यादा घातलेली नाही.

तवसाळच्या धक्क्याला बोटीची लोखंडी फळी करकरत खाली आली. पहिला टेम्पो उतरला, मग ट्रॅव्हलर. काळ्या गाडीचा मालक जागा झाला आणि त्याने इंजिन सुरू केलं. फळीचा चढ ओला होता; चाकं एकदा जागच्या जागी फिरली, मग संगणकाने घोड्यांचा लगाम खेचला असावा, आणि गाडी अगदी सावकाश, माणसाच्या चालीने, वर गेली.